हिमालयीन लावा: दीडशे वर्षांत कुठे शोधलं आणि कुठे शोधलंच नाही?

कातळकडा

मागच्या महिन्यात मसुरीला जाणं झालं. घरची मंडळी मॉल रोडवर रमली, म्हणून मी एकटाच पश्चिमेकडच्या बिनोगच्या जंगलात जाऊन आलो. या जंगलाचं सरकारी नाव विनोग माउंटन क्वेल अभयारण्य. माउंटन क्वेल म्हणजे आपला हिमालयीन लावा, आणि गंमत म्हणजे १८७६ नंतर तो कुणी खात्रीने पाहिलेलाच नाही. देऊळ बांधून तयार, मूर्तीचा पत्ता नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८४६ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही इंग्लंडात बसून, लॉर्ड डर्बींच्या नोस्ले येथील खासगी प्राणिसंग्रहातल्या पक्ष्यांवरून. ते पक्षी आले कुठून? तर 'भारत'. एवढाच पत्ता. रानात तो पहिल्यांदा मिळाला त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी: नोव्हेंबर १८६५ मध्ये मॅकिनन नावाच्या शिकाऱ्याला, मसुरीमागे भद्राज आणि बिनोग यांच्या मधल्या डोंगरात. पुढे १८६७-६८ मध्ये कॅप्टन हटन यांच्या झडीपानीच्या राहत्या जागेच्या आसपास एक थवा हिवाळाभर आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्कामाला होता. आणि शेवटचा डिसेंबर १८७६ मध्ये, नैनितालच्या शेर का डांडा डोंगराच्या पूर्व उतारावर, मेजर कारविदन यांच्या बंदुकीने. संपली यादी. सगळ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून डझनभर नमुने असतील नसतील.

दिसायला देखणा. नर काळपट राखाडी, कपाळ आणि भुवई पांढरी, चोच आणि पाय लाल. मादी तपकिरी. शास्त्रीय नाव ऑफ्रिसिया सुपरसिलिओसा. पहिला शब्द ग्रीक भुवईवरून, दुसरा लॅटिन भुवईवरून. नाव ठेवणाऱ्यांना भुवईपलीकडे काही दिसलं नसावं.

आता मुद्दा. याच्यावरचं काहीही वाचायला घ्या, 'गूढ', 'रहस्यमय', 'हरवलेला' ही तीनच विशेषणं फिरून फिरून येतात. मला त्यात रस नाही. नेमकं काय माहीत नाही ते कुणी मांडत नाही. घरटं, अंडी, पिल्लू: कधीच कुणी पाहिलेलं नाही. आवाज: 'कर्कश शीळ' एवढं वर्णन. खाणं: गवताचं बी. हा बारमाही इथला की हिवाळ्यात खाली उतरणारा, हेही ठरलेलं नाही. आणि सगळ्यात मोठं भोक हे की आजवर कुणी कुठल्या उतारावर, कुठल्या महिन्यात, किती वेळ शोधलं आणि नाही मिळाला, याची एकत्र वही कुठे आहे? मला तरी दिसली नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

टेकडीफेम

वाचनखूण साठवली. आमच्या वेताळ टेकडीवर साधा लावा पायाखालून फुर्रकन उडाला तरी छातीत धडकी भरते, आणि तुम्ही हे असलं काढून बसलात. पुढील लेखनास शुभेच्छा.

खडूस_आजोबा

काडी टाकतो. पक्षी गेला. दीडशे वर्षं म्हणजे लाव्याच्या किती पिढ्या झाल्या, हिशेब करा. मसुरीच्या डोंगरात चुनखडीच्या खाणी झाल्या, त्या बंद करायला १९८०च्या दशकात सुप्रीम कोर्टाला मधे पडावं लागलं. वर हॉटेलं, त्याच्यावर आणखी हॉटेलं. जिवंत आहेत त्या पक्ष्यांकडे बघायला पैसा नाही आणि हे चालले मेलेल्याची कुंडली मांडायला.

आकडेमोड

आजोबा, गेला असेलही. पण 'गेला' म्हणायला हिशेब लागतो, आणि कातळकडा म्हणतात ती वही नसेल तर हिशेबच होत नाही.

साधं गणित सांगतो. समजा उतारावर लावे आहेत आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ५ टक्के धरली (हा आकडा मी गृहीत धरतोय, मोजलेला नाही). वीस फेऱ्या मारून काहीच दिसलं नाही तर? ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. थोडक्यात, पक्षी असूनही वीसच्या वीस फेऱ्या कोऱ्या जाण्याची शक्यता ३६ टक्के. साठ फेऱ्या कोऱ्या गेल्या तर ती साडेचार टक्क्यांच्या आसपास येते, मग बोलायला थोडा आधार. हे एका उतारासाठी. आणि मॅकिननच्याच वर्णनानुसार हा पक्षी जवळजवळ पाय पडेपर्यंत उडत नाही, उडाला तरी जड पंखांनी थोडं जाऊन पुन्हा गवतात पडतो. तेव्हा ५ टक्के हे मी उदार मनाने धरले आहेत.

शास्त्रज्ञांच्या बोलीत याला 'रोमिओची चूक' म्हणतात. ज्युलिएट जिवंत होती, यानेच घाई केली.

खडूस_आजोबा

इथे ज्युलिएट दीडशे वर्षं झोपली आहे.

सातपुड्याची_मैना

मी शहाद्याची. त्यामुळे या धाग्यावर मला बोललंच पाहिजे :)

आमच्या रानपिंगळ्याचीही अशीच 'कुंडली' होती. १८७३ मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूमने नाव दिलं, १८८४ नंतर खरा नमुना नाही. सगळे मिळून सात कातडी, त्यातली बरीच खानदेशातली, जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने गोळा केलेली. पण एका नमुन्याची गोष्ट वेगळी: कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा, तापीकाठच्या मांडवीचा, १९१४ सालचा. म्हणजे कागदोपत्री पक्षी १९१४ पर्यंत होता आणि गुजरातेत होता. नंतर पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसन यांनी तो नमुना तपासला तेव्हा कळलं की तो ब्रिटिश म्युझियममधून ढापलेला डेव्हिडसनचाच जुना पक्षी, नव्याने भुसा भरून खोटी चिठ्ठी लावलेला! एका चिठ्ठीने अख्ख्या शोधाची दिशा चुकवली होती.

मग रासमुसन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं खऱ्या चिठ्ठ्यांच्या गावांना गेले. २५ नोव्हेंबर १९९७, शहाद्याजवळ. तेव्हा नंदुरबार जिल्हासुद्धा व्हायचा होता, आम्ही धुळ्यातच होतो. आणि पक्षी कुठे बसलेला? दिवसाढवळ्या, पानं झडलेल्या झाडावर, उघड्यावर, शेपटी हलवत. ११३ वर्षं. लोक समजत होते घनदाट जंगलातलं निशाचर असणार.

माझ्या काकांना विचाराल तर म्हणतील, त्यात काय सापडायचंय, शेतावर जाताना रोजच दिसायचा. (त्यांना सगळे पिंगळे सारखेच दिसतात ही गोष्ट वेगळी.)

यातून मी एवढंच म्हणते: आधी चिठ्ठ्या वाचा. लाव्याच्या डझनभर चिठ्ठ्यांत नेमकं काय लिहिलंय? तारीख आहे? उंची आहे? उताराचं तोंड कुठल्या दिशेला होतं?

कातळकडा

मैना, दंडवत. हे शेपटी हलवणं माहीत नव्हतं.

लाव्याच्या बाबतीत उंची साधारण १६५० ते २४०० मीटर अशी धरतात. जागेचं वर्णन म्हणजे तीव्र उताराच्या डोंगरावरचं उंच गवत आणि झुडपं. तारखा सगळ्या नोव्हेंबर ते जूनमधल्या. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर पाटी कोरी.

आणि दोनच ठिकाणं, मसुरी आणि नैनिताल. सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर अंतर. मधला सगळा गढवाल-कुमाऊं रिकामा कसा असेल? साहेबलोक जिथे राहत होते तिथेच पक्षी 'सापडला', याचं कारण पक्ष्याकडे नसून साहेबाच्या बंगल्याकडे असावं.

देहरादूनकर

मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे नऊ वर्षं इथे. रविवारी डोंगर हाच धंदा. दोन-तीन गोष्टी इथे राहिल्याशिवाय लक्षात येत नाहीत म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली म्हणजे उतार. सह्याद्रीतल्या माणसाला वाटतं आपण कडे बघितलेत. इथला गवताळ उतार वेगळा. कडा नसतो, त्यामुळे दोर लागत नाही, पण पाऊल ठेवलं की गवतावरून घसरगुंडी. हिवाळ्यात गवत वाळलं की आणखीच गुळगुळीत. त्यामुळे नव्वद टक्के पक्षीनिरीक्षक (मीही) रस्त्याने आणि पायवाटेने फिरतात. पायवाटा जातात धारेवरून किंवा बांज-बुरांसच्या (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या) सावलीतून. लाव्याची जागा नेमकी त्या दोन्हींच्या मधे, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उन्हाच्या गवतात. आपण त्याच्या घराच्या गच्चीवरून आणि अंगणातून फिरतो, घरात कुणी जातच नाही.

दुसरी गोष्ट गवताची. पाऊस संपला की गावातल्या बायका हे गवत कापतात, जनावरांच्या हिवाळ्याच्या चाऱ्यासाठी. कमरेला विळा बांधून अशा उतारावर उतरतात की बघूनच पोटात गोळा येतो. नंतर उन्हाळ्याच्या तोंडाला बऱ्याच ठिकाणी उतार पेटवतात, नवं गवत फुटावं म्हणून. चीडच्या (पाइनच्या) जंगलातला वणवा वेगळा, तो एप्रिल ते जून. आता लाव्याला हे कापणं-जाळणं मारक की तारक? मला प्रामाणिकपणे वाटतं की हा प्रश्न घरट्यापेक्षाही मोठा आहे. कारण याच उतारांवर राहणारा चीर हा फेझंट घ्या. त्याला मोकळं गवत-झुडूप लागतं. माणसाने गवत राखलं नाही आणि झाडं वाढत गेली तर त्याची जागाच जाते. लावाही तसाच असेल तर आपण 'जंगल वाचवा' म्हणून झाडं लावतोय आणि त्याचं घर बुजवतोय. आणि तसा नसेल तर विळ्याने आणि आगीने तो संपला. दोन्ही शक्यता एकमेकींच्या बरोब्बर उलट, आणि आपल्याकडे एकाही घरट्याचा महिना नोंदलेला नाही. पावसाळ्यात घरटं करत असेल तर कापणी सुरू होईपर्यंत पिल्लं उडती होतात. मार्च-एप्रिलमध्ये करत असेल तर अंडी आगीत. सगळं त्या एका महिन्यावर आहे.

तिसरी, शेर का डांडा. १८७६ मध्ये त्या डोंगरावर शेवटचा पक्षी मारला. १८ सप्टेंबर १८८० ला त्याच डोंगराची दरड नैनितालवर कोसळली, १५१ माणसं गेली. दोन्हींचा संबंध जोडत नाही, भलत्या अफवा नकोत. पण दरडी कोसळणाऱ्या डोंगरावर मोठी झाडं टिकत नाहीत, गवत टिकतं. जुन्या दरडींच्या जागा नकाशावर काढून त्यांवर शोध घेतला तर? मी अजून कुणी केलेलं ऐकलं नाही.

आकडेमोड

देहरादूनकर, चीरचा मुद्दा संशोधकांनी उचललेला आहे. लाव्याच्या स्वतःच्या नोंदी इतक्या तुटपुंज्या की त्यावरून संभाव्य क्षेत्राचा नकाशा काढता येत नाही. म्हणून २०१५ च्या एका शोधनिबंधात तिथल्याच फेझंटांच्या नोंदी उसन्या घेऊन लाव्याचं संभाव्य क्षेत्र मांडलं. कल्पना चांगली. पण उसन्या अंगरख्याचं माप कितीही चांगलं असलं तरी आपल्या अंगाला बसेलच असं नाही. चीर मोठा पक्षी, सकाळ-संध्याकाळ ओरडून डोंगर डोक्यावर घेतो. लावा मुठीपेक्षा थोडा मोठा आणि बहुधा गप्प.

मात्र एक उपयोग आहे. चीर असलेल्या उतारावर चीर किती फेऱ्यांत सापडतो ते मोजता येतं. लाव्यासाठी तो आकडा कमीच असणार. माझ्या त्या गृहीत ५ टक्क्यांना निदान वरची मर्यादा मिळेल.

गवत्या

आवाजाबद्दल. आजकाल डबीएवढं ध्वनिमुद्रण यंत्र झाडाला बांधून महिनाभर सोडून देतात. नंतर संगणक तासन् तास ऐकून 'हा अमुक पक्षी' म्हणून वेगळं काढतो. पण त्यासाठी आधी नमुना आवाज हवा. लाव्याचा आवाज कधीच ध्वनिमुद्रित झालेला नाही, तर संगणकाला शिकवणार काय? 'कर्कश शीळ'? निम्मा हिमालय कर्कश शीळ घालतो.

उलट रस्ता आहे. ओळखीचे सगळे आवाज वजा करत जायचं आणि खाली जी ओळख न पटलेली शिल्लक राहील ती माणसाने कानांनी ऐकायची. वेळखाऊ आहे, पण उतारावर घसरून पडण्यापेक्षा बरं.

आंध्रातल्या जेर्डनच्या धाविक या पक्ष्याचं उदाहरण घ्या. १९०० नंतर गायब, १९८६ मध्ये बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) मोहिमेत कडप्पा भागात पुन्हा मिळाला. पहिला पक्षी कुणाच्या हाती लागला? गावातल्या पारध्याच्या, रात्री बॅटरीच्या उजेडात. पुढे अभ्यासकांनी झुडपांमध्ये मऊ मातीचे पट्टे आखून पावलांचे ठसे घेतले, कॅमेरे लावले. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित होईपर्यंत मात्र बरीच वर्षं गेली, आणि तो कळल्यावर काम कितीतरी सोपं झालं. लाव्याच्या उतारावर मातीचा पट्टा टिकणार नाही, पण गवतातल्या जनावरांच्या वाटांवर जमिनीलगत कॅमेरे लावता येतील. नेहमीचे कॅमेरे वाघ-बिबट्याच्या उंचीवर लावलेले असतात, त्यात लाव्याची पाठसुद्धा येत नाही.

नाचणी

मी प्रयोगशाळेतली, डोंगर चढताना धाप लागते. त्यामुळे माझा प्रस्ताव खुर्चीत बसून करायचा आहे.

मैना म्हणते तसं चिठ्ठ्या वाचाव्याच, पण चिठ्ठी ज्याच्या पायाला बांधली आहे तो पाय पण वाचा. पावसाच्या पाण्यातल्या जड हायड्रोजनचं प्रमाण उंचीनुसार बदलतं, वर जावं तसं कमी होतं. ते पाणी गवतात, गवताच्या बियांत आणि तिथून पिसांत उतरतं. पीस एकदा पूर्ण वाढलं की ती खूण कायमची गोठते. म्हणजे डिसेंबरात नैनितालला मारलेल्या पक्ष्याचं पीस तिथेच वाढलं की बरंच वर, हे त्या पिसाचा बारीकसा तुकडा सांगू शकेल. हटनच्या काळापासून चाललेला 'इथला की पाहुणा' हा वाद निदान एका बाजूला झुकेल. (ह्यूमलासुद्धा शंका होतीच की हा मूळचा मसुरीचा नसावा.)

अडचणी अर्थात आहेत. डझनभर नमुन्यांतून तुकडा कापायला कुठलंही संग्रहालय सहजासहजी राजी होणार नाही. आणि तुलनेला त्याच भागातल्या बारमाही पक्ष्यांची, वेगवेगळ्या उंचीवरची पिसं लागतील. पण ही तुलनेची पिसं गोळा करायला लावा सापडायची गरज नाही! चीर, काळा तित्तर यांची गळलेली पिसं चालतील. परवानगी मात्र लागते हं, उचलून पिशवीत घालू नका.

अवांतर: पिसांची झीजसुद्धा बोलते. जूनमधल्या नमुन्यावर पिसं कितपत झिजलीत, नवी कुठे फुटताहेत, यावरून विणीचा महिना अंदाजे काढता येतो. देहरादूनकरांच्या 'त्या एका महिन्या'चं उत्तर कदाचित ब्रिटनमधल्या एखाद्या खणात पडलेलं असेल.

खडूस_आजोबा

हे मात्र पटलं. खर्चही कमी, डोंगरावर दंगाही नाही.

पण मला एक सांगा, सापडला तर काय कराल? दुसऱ्या दिवशी तोफेएवढ्या लेन्सा घेऊन शंभर जण त्या उतारावर. पाच पक्ष्यांचा थवा असेल, तोही पायदळी.

सातपुड्याची_मैना

आजोबा, याचं उत्तर पुणेकरांनी दिलेलं आहे. अरुणाचलातला बुगुन लिओचिकला हा पक्षी २००६ मध्ये जगापुढे आणला तो रमणा अत्रेय यांनी, जे तेव्हा पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेत खगोलशास्त्रज्ञ होते. नवी प्रजाती म्हणजे एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवायचा ही जुनी रीत. त्यांना तेव्हा माहीत असलेले पक्षी मोजून चौदाच्या आसपास. त्यांनी जाळ्यात आलेल्या पक्ष्याचे फोटो घेतले, गळून राहिलेली पिसं ठेवली, मापं घेतली आणि पक्षी सोडून दिला. आणि नाव दिलं तिथल्या बुगुन लोकांचं. पुढे सिंगचुंगच्या गावकऱ्यांनी लगतचं स्वतःचं जंगल राखीव म्हणून दिलं. गर्दी कुणाच्या हातात द्यायची हे आधी ठरवावं लागतं, सापडल्यावर नाही.

देहरादूनकर

गावकऱ्यांवरून आठवलं. इथे जो येतो तो मोबाइलवर लाव्याचं चित्र दाखवून विचारतो, "ये देखा है?" पहाडी माणूस भला, समोरच्याला नाराज कशाला करा म्हणून सांगतो, हां साब, बहुत है. मीही एकदा हुरळलो होतो. मग त्याच काकांना फ्लेमिंगोचं चित्र दाखवलं. तोही बहुत होता.

तेव्हापासून दहा चित्रं नेतो, त्यातली तीन इथे येऊच न शकणाऱ्या पक्ष्यांची. आणि पुरुषांना विचारत नाही. विळा घेऊन उतारावर कोण असतं? गवत कापताना पायाखालून काय उडतं, कुठल्या महिन्यात, सोबत पिल्लं असतात का, हे त्या बायकांना विचारायला हवं, आणि ते बहुतेक विचारलंच जात नाही, कारण विचारायला जाणारे सगळे आपल्यासारखे बाप्ये. आत्तापर्यंत जे ऐकलं ते काळा तित्तर आणि पहाडी तित्तर यांच्यात बसतं. त्यापलीकडचं काही मिळालं तर इथेच लिहीन, जागा न सांगता.

आकडेमोड

मग वहीला इथूनच सुरुवात करू. जो कुणी त्या पट्ट्यात १६०० ते २४०० मीटरच्या मधे जाऊन आला असेल त्याने लिहा: जागा, तारीख, किती वेळ, त्यातला गवताच्या उतारावर प्रत्यक्ष किती वेळ, कुत्रा सोबत होता का (गवतात दडलेला पक्षी तोच उठवतो), आणि काय दिसलं नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत असाल तर दिसलेले सगळे पक्षी टाका, निवडक नको. पूर्ण यादी असली तरच 'नाही' ला अर्थ येतो.

कातळकडा

चला, धागा माझा तर भोपळा पण माझ्यापासून.

बिनोग अभयारण्य. सकाळी सव्वासात ते साडेअकरा, सव्वाचार तास. कुत्रा नव्हता. कोकलास फेझंटचा आवाज, कालिज फेझंटची एक जोडी, लावा नाही. गवताच्या उतारावर प्रत्यक्ष: शून्य मिनिटं. सगळा वेळ पायवाटेवर होतो, एकदा खाली डोकावलो तर पोटात कालवलं. त्यामुळे आजोबांनी ही फेरी पक्ष्याच्या विरोधात धरू नये.

आकडेमोड

तारीख राहिली.